लॅपटॉपबाहेरचं ग्राफिक्स कार्ड: आधी थंडरबोल्ट, मग ऑक्युलिंक

मॉड्युलर लॅपटॉप वापरणाऱ्याच्या डोक्यात हा किडा कधी ना कधी वळवळतोच. रॅम बदलता येते, एसएसडी बदलता येते, पोर्ट बदलता येतात, अख्खा मदरबोर्डही बदलता येतो. मग ग्राफिक्स कार्डानेच काय घोडं मारलंय? माझ्याकडे फ्रेमवर्क या कंपनीचा १३ इंची मॉड्युलर लॅपटॉप होता, फ्रेमवर्क लॅपटॉप १३, इंटेलच्या १२व्या पिढीच्या प्रोसेसरचा. रोजच्या कामाला तो पुरून उरायचा. पण ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये एखादा सीन रेंडरला लावला की आतल्या ग्राफिक्सची दमछाक व्हायची, आणि एआयची भाषेची मॉडेलं आपल्याच मशीनवर चालवून बघायची हौस तर तशीच राहून गेली होती. जुन्या डेस्कटॉपमधून काढलेलं एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड, आरटीएक्स ३०६०, पडून होतं, १२ जीबी मेमरीचं. ते या पातळ लॅपटॉपला जोडायचं ठरवलं.

खरेदीला लागण्याआधी एक गोष्ट नीट समजून घेतली, आणि पुढचं सगळं तिच्याच भोवती फिरत राहिलं. लॅपटॉप कितीही मॉड्युलर असो, प्रोसेसरमधून पीसीआय एक्सप्रेसच्या (प्रोसेसर आणि कार्ड यांना जोडणाऱ्या यंत्रणेच्या) किती लेन, म्हणजे डेटाच्या समांतर वाटा, बाहेर येतात आणि बोर्डावर त्या कुठे जाऊन संपतात, हे आपल्या हातात नसतं. डेस्कटॉपमध्ये ३०६० ला १६ लेन मिळतात. फ्रेमवर्कच्याच १६ इंची मॉडेलला मागच्या बाजूला एक खण आहे, त्यात पीसीआय ४.० च्या ८ लेन येतात. रेडिऑन आरएक्स ७७००एसचं मॉड्यूल त्यातच बसतं आणि २०२५ मध्ये जाहीर झालेलं आरटीएक्स ५०७० चंही तिथेच. माझ्या १३ इंचीत असला खण नाही. तिथे बाहेर पडायला दोनच वाटा: यूएसबी-सी पोर्टांतलं थंडरबोल्ट (त्याच पोर्टातून पीसीआय बाहेर नेणारी वेगवान जोडणी), नाहीतर एसएसडीचा एम.२ स्लॉट. दोन्हीकडे जास्तीत जास्त चार लेनांचा मामला. पण चार आणि चार सारखे नसतात, हे पुढे कळलं.

थंडरबोल्टपासून सुरुवात केली, कारण त्यात लॅपटॉप उघडावा लागत नाही. १२व्या पिढीच्या बोर्डावर चारही पोर्ट थंडरबोल्टचे आहेत आणि फ्रेमवर्कचं यूएसबी-सी एक्स्पान्शन कार्ड (पोर्टाच्या खाचेत बसणारा बदलता तुकडा) म्हणजे नुसता आरपार जाणारा जोड, त्यामुळे कुठला पोर्ट निवडू हा प्रश्नच नव्हता. बंद डबा घ्यायचा की उघडा डॉक, एवढाच विचार करावा लागला. डबा दिसायला नेटका, त्यात पॉवर सप्लाय आलेला आणि बहुतेक डबे त्याच केबलने लॅपटॉपही चार्ज करतात. उघडा डॉक म्हणजे एक सर्किट बोर्ड, त्यावर १६ लेनांच्या लांबीचा स्लॉट (आतून जोडलेल्या लेन चारच), एका कडेला यूएसबी-सी, दुसऱ्या कडेला एसएमपीएसची, म्हणजे डेस्कटॉपच्या पॉवर सप्लायची, २४ पिनांची जागा. धूळ बसते, कार्ड उघडं राहतं आणि घरात मांजर असेल तर विचारूच नका. तरी मी उघडाच घेतला. एसएमपीएस हाताशी होता, आणि डब्याची मापं बघत कार्ड निवडत बसायची माझी तयारी नव्हती.

जोडणीत वीज हा सगळ्यात जपून करायचा भाग. स्लॉटमधून कार्डाला फार तर ७५ वॅट मिळतात, आठ पिनांच्या केबलमधून १५०. ३०६० ला १७० वॅट लागतात, म्हणजे एक आठ-पिन केबल बस्स होते. मात्र एसएमपीएसमधून आठ पिनांच्या दोन प्रकारच्या केबली निघतात: एक ग्राफिक्स कार्डाची, एक डेस्कटॉपच्या प्रोसेसरची. पहिल्या नजरेला दोन्ही जुळ्या बहिणी वाटतात, पण त्यांच्यात १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या ओळी उलट्या असतात. प्लगच्या खाचा वेगळ्या असल्याने चुकीची केबल सहजी बसत नाही. जोर लावावा लागला की थांबायचं आणि केबलीवरची अक्षरं वाचायची. दुसरी गोष्ट, मदरबोर्ड नसताना एसएमपीएस आपणहून सुरू होत नाही. २४ पिनांतली हिरवी तार ग्राउंडला जोडली गेली की तो जागा होतो. चांगल्या डॉकवर त्यासाठी बटण असतं. नसेल तर तो जोड बाहेरून द्यावा लागतो, आणि पेपरक्लिप वाकवून तो देण्याच्या मी तरी विरोधात आहे.

आता लॅपटॉपपर्यंतची केबल. यूएसबी-सीची टोकं सगळी सारखीच दिसतात आणि तिथेच गोम आहे. चार्जरसोबत येणारी केबल बहुतेकदा यूएसबी २.० ची असते; तिच्यावर विजेचा धो धो पुरवठा होईल, पण डेटा सेकंदाला ४८० मेगाबिटांवर थांबेल आणि डॉक दिसणारच नाही. ४० गिगाबिटांची केबल लागते, आणि साधी म्हणजे आत चिप नसलेली असेल तर लांबी ८० सेंटीमीटरच्या आत हवी. टोकावर विजेचं चिन्ह आणि शेजारी ३ किंवा ४ चा आकडा असला की निर्धास्त.

डॉकला वीज दिली, केबल लावली. विंडोज असेल तर थंडरबोल्टचं नियंत्रण करणारं ॲप परवानगी मागतं. मी लिनक्सवर असतो, तिथे हे काम बोल्ट नावाची सेवा करते: उपकरण एकदा नोंदवून घेतलं की पुढच्या वेळी न विचारता जोडलं जातं. हा सोपस्कार वाटतो, पण त्यामागे कारण आहे. थंडरबोल्टवरचं उपकरण थेट मशीनच्या मेमरीत हात घालू शकतं, म्हणून कुणालाही विचारल्याशिवाय आत घ्यायचं नाही. एनव्हिडियाचा ड्रायव्हर आधीच घातलेला होता. कार्डाचे पंखे एकदा गरगरले, थांबले आणि यादीत ३०६० हजर.

पण त्याच यादीत खाली लिंकचा वेग लिहिलेला होता: २.५ जीटी (गिगाट्रान्सफर, म्हणजे लेनमागे अब्ज बिट) प्रति सेकंद, चार लेन, पुढे कंसात ‘डाउनग्रेडेड’. हे वाचून कुणाचाही चेहरा पडेल. २.५ म्हणजे पीसीआयची पहिली पिढी. चार लेनांवर सेकंदाला जेमतेम १ जीबी. मग प्रत्यक्ष कॉपी करून मोजलं, तर मशीनच्या मेमरीतून कार्डाच्या मेमरीत सेकंदाला अडीच जीबीच्या आसपास जात होतं. १ जीबीच्या नळीतून अडीच जीबी जाणं शक्य नाही, म्हणजे तो आकडाच नावापुरता. आणि तसंच आहे. थंडरबोल्टमध्ये पीसीआयची पाकिटं एका बोगद्यातून जातात. त्या बोगद्याला स्वतःचा पीसीआय वेग नसतो, पण यंत्रणेला काहीतरी सांगावं लागतं म्हणून तो सर्वात खालची पिढी सांगतो. एएमडीच्या कार्डांचा लिनक्स ड्रायव्हर मात्र हा आकडा खरा धरून चालू शकतो, म्हणून रेडिऑनवाले कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, एक पॅरामीटर देऊन ‘तिसरी पिढी धर’ असं बजावतात. एनव्हिडियाला ते लागलं नाही.

अडीच जीबी का, चार का नाहीत? जाहिरातीतले ४० गिगाबिट म्हणजे ५ जीबी. त्यातला पीसीआयच्या वाट्याचा भाग ३२ गिगाबिट, म्हणजे ४ जीबी. उरलेलं बोगद्याच्या बांधाबांधीत जातं: पाकिटं लहान, प्रत्येकाला स्वतंत्र पत्ता, वाटेत दोन्ही टोकांना थंडरबोल्टचे नियंत्रक. डॉकमधली चिप कोणती यानेही फरक पडतो. इंटेलच्या जुन्या चिपांपेक्षा एएसमीडियाच्या एएसएम२४६४पीडी या यूएसबी४ चिपवरचे डॉक पुढे, तीन जीबीच्या वर जातात.

आता कामाचं बोलू. ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिनमध्ये सीन एकदा कार्डाच्या मेमरीत उतरला की पुढचा हिशोब कार्ड स्वतःच करतं; केबलवरून जवळजवळ काही जात नाही. रेंडरचा वेळ डेस्कटॉपमधल्या त्याच कार्डाच्या इतका जवळ आला की मी तुलना करणंच सोडलं. भाषेच्या मॉडेलांचंही तेच: १२ जीबीत अख्खं मावणारं मॉडेल चढायला थोडा जास्त वेळ घेतं, एकदा चढलं की शब्द तितक्याच भराभर येतात. मावलं नाही, काही थर मशीनच्या रॅममध्ये ठेवावे लागले, की सगळं रडतं. मोठ्या हौदाला बारीक तोटी लावल्यावर दुसरं काय होणार! म्हणूनच बाहेरच्या कार्डासाठी मी वेगवान पण ८ जीबीच्या कार्डापेक्षा थोडं मंद पण १२ जीबीचं पसंत करेन. डेस्कटॉपमध्ये मेमरी ओसंडली तर १६ लेन सावरून घेतात, इथे कुणी सावरत नाही.

गेममध्ये चित्र उलटं. तिथे प्रोसेसर आणि कार्डाचं प्रत्येक फ्रेमला बोलणं चालू असतं. कमी रिझोल्यूशनवर जास्तीत जास्त फ्रेम काढायला गेलं की केबल आडवी येते. रिझोल्यूशन वाढवलं की कार्ड स्वतःच्या कामात गुंतलेलं राहतं आणि नुकसान कमी जाणवतं. म्हणजे जो माणूस ‘बाहेरचं कार्ड आहे, सेटिंग खालीच ठेवू’ असं म्हणतो, तो नेमका उलट वागतो.

लॅपटॉपच्याच स्क्रीनवर खेळायचं असेल तर आणखी एक भुर्दंड. कार्डाने काढलेली फ्रेम त्याच केबलने परत आणून आतल्या ग्राफिक्सच्या हवाली करावी लागते. माझी स्क्रीन २२५६ × १५०४ ची, प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरले तर एका फ्रेमचे साडेतेरा एमबी. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे ८०० एमबीहून जास्त, तेही फक्त परतीचे. पीसीआयमध्ये जाण्यायेण्याच्या वाटा वेगळ्या असतात हे खरं, पण बोगदा अरुंद आणि दर फ्रेमला एकमेकांसाठी थांबणं आलंच. मॉनिटर थेट कार्डाच्या पाठीला लावला की हा फेरा वाचतो. फरक आकड्यांत तर दिसतोच, माउस हलवतानाही जाणवतो.

इथपर्यंत मी समाधानी होतो. पुढचं घडलं ते लॅपटॉप बदलल्यामुळे, किंवा खरं तर न बदलल्यामुळे. फ्रेमवर्कचा रायझन ७०४० मालिकेचा बोर्ड घेतला आणि त्याच सांगाड्यात बसवला. तळाचे पाच टॉर्क्स स्क्रू सैल करायचे (ते सुटून पडत नाहीत, तिथेच लोंबतात), लॅपटॉप सुलटा करून कीबोर्डचा पत्रा कोपऱ्यातून उचलायचा. चुंबकावर बसलेला असल्याने तो पटकन सुटतो, पण टचपॅडची रिबन केबल खाली बोर्डाला जोडलेली असते, म्हणून एकदम ओढायचा नाही. आधी तो पुढे झुकवायचा, रिबनचा जोड छोट्या पट्टीला धरून सरळ वर काढायचा आणि मगच पत्रा बाजूला ठेवायचा. आतल्या प्रत्येक भागावर नाव आणि क्यूआर कोड छापलेला असतो. बाकी बॅटरी, स्पीकर, स्क्रीन, ॲन्टेना असे जोड सोडवत गेलं की जुना बोर्ड पंख्यासकट हातात येतो.

नव्या बोर्डाला डीडीआर५ रॅम लागते, जुन्याची डीडीआर४. म्हणजे जुनी रॅम जुन्या बोर्डावरच राहिली. एसएसडी मात्र नव्याकडे गेली. आता टेबलावर एक बोर्ड होता: प्रोसेसर, रॅम, पंखा सगळं जागच्या जागी, आणि एम.२ चा स्लॉट रिकामा. त्या स्लॉटात प्रोसेसरमधून थेट येणाऱ्या पीसीआय ४.० च्या चार लेन. मला दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं.

ऑक्युलिंक हा जोड मुळात सर्व्हरमधला. पीसीआयच्या लेन कुठलाही बोगदा न लावता केबलवर घ्यायच्या, बस. त्यावर यूएसबी नाही, चार्जिंग नाही, चित्र नाही. एम.२ मध्ये बसणारी छोटी पट्टी घेतली, तिच्या टोकाला ऑक्युलिंकचं सॉकेट, तिथून केबल आणि पलीकडे दुसरा डॉक. बंद लॅपटॉपमध्ये ही केबल बाहेर काढायची कुठून, हा मोठा प्रश्न असतो, लोक तळाचा पत्रा कापतात. उघड्या बोर्डाला तो प्रश्नच नाही. एसएसडीची जागा गेल्यामुळे बूट कशावरून करायचं? फ्रेमवर्कचंच स्टोरेज एक्स्पान्शन कार्ड मिळतं, २५० जीबीचं किंवा १ टीबीचं. बोर्डाच्या यूएसबी-सी पोर्टात ते लावलं आणि त्यावर लिनक्स टाकलं. बायोसमध्ये बोर्ड एकटा चालवण्याचं सेटिंग आहे. ते चालू केलं की बॅटरी नाही, स्क्रीन नाही म्हणून तो कुरकुर करत नाही.

ऑक्युलिंकमध्ये क्रम पाळावा लागतो. आधी डॉकचा एसएमपीएस, मग बोर्ड. बोर्ड सुरू होताना लेनांच्या पलीकडे कुणी आहे का हे एकदाच बघतो. तेव्हा कार्ड झोपलेलं असेल तर ते त्याच्या लेखी नाहीच. आणि चालू मशीनवरून केबल काढायची नाही. थंडरबोल्टमध्ये जोडणं-काढणं गृहीत धरलेलं आहे, इथे मशीन जागच्या जागी गोठतं.

पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा लिंकचा वेग १६ जीटी दाखवत होता, चार लेन, आणि या वेळी आकडा खरा होता. कॉपीची चाचणी लावली. वेग कधी सहा जीबीच्या वर, कधी चारच्या खाली, आणि कर्नलच्या लॉगमध्ये एकामागून एक ओळी: पीसीआय बस एरर, तीव्रता ‘करेक्टेड’. ‘करेक्टेड’ म्हणजे डेटा बिघडला, पण लक्षात आला आणि पुन्हा मागवला गेला. काम थांबत नाही, पण प्रत्येक पुनरावृत्तीला वेळ जातो, आणि केव्हातरी एखादी चूक सुधारण्यापलीकडची निघते. तेव्हा कार्ड यादीतून गायब. चौथ्या पिढीत प्रत्येक लेनवरून सेकंदाला १६ अब्ज बिट धावतात; एम.२ चा जोड, पट्टीवरचं सॉकेट, अर्धा मीटर केबल, पलीकडचं सॉकेट, मग स्लॉट, अशा प्रत्येक टप्प्यावर सिग्नल थोडा थोडा मरत जातो.

दोष केबलचा की पट्टीचा हे शोधायला आधी लिंकला मुद्दाम तिसऱ्या पिढीवर आणलं. प्रोसेसरच्या बाजूच्या पोर्टाच्या नोंदवहीत लक्ष्य-वेग बदलून लिंक पुन्हा जुळवायला सांगता येतं, लिनक्सवर ही एका ओळीची आज्ञा आहे. ८ जीटीवर लॉग एकदम शांत. म्हणजे तारा सगळ्या धड होत्या, सिग्नलचा जोर तेवढा अपुरा. मग निम्म्या लांबीची, जाड आवरणाची केबल आणली आणि पट्टीचा स्क्रू नीट आवळला, कारण सैल पट्टी स्लॉटात किंचित तिरकी बसते. परत १६ जीटी. रात्रभर रेंडर लावून ठेवला आणि सकाळी लॉगमध्ये एकही ओळ नव्हती.

वेग सेकंदाला साडेसहा जीबीच्या आसपास स्थिरावला, थंडरबोल्टच्या अडीचपट. रेंडरला याने काहीच फरक पडला नाही, आणि ते अपेक्षितच होतं. गेममध्ये मात्र सरासरीपेक्षा मधले झटके कमी झाले, आणि माझ्या मते तीच खरी कमाई. १२ जीबीत न मावणाऱ्या मॉडेलांचं रडगाणं थोडं सुसह्य झालं, थांबलं नाही. एक गंमतही लक्षात आली: काही स्वस्त कार्डांना मुळातच चार लेन असतात, उदाहरणार्थ २०२२ चं आरएक्स ६५०० एक्सटी. असं कार्ड ऑक्युलिंकवर डेस्कटॉपइतकंच चालतं, कारण गमवायला त्याच्याकडे जास्तीचं काही नाहीच. अर्थात तेवढ्यासाठी ४ जीबी मेमरीचं कार्ड कुणी घेऊ नये.

सध्याची मांडणी अशी. नवा रायझन बोर्ड लॅपटॉपमध्ये, त्याच्या मागच्या दोन पोर्टांवर यूएसबी४ आहे, थंडरबोल्टचा जुना डॉक तिथे चालतो. जुना बोर्ड टेबलावर, ऑक्युलिंक कायमचं जोडलेलं. लॅपटॉपमधून नेटवर्कवरून त्याच्याकडे रेंडर पाठवतो. कार्ड एकच असल्यामुळे ते बहुतेक वेळ बोर्डाकडेच असतं. एक दुखणं अजून आहे: बोर्ड स्लीपमध्ये गेला की जागा होताना कार्ड परत सापडत नाही, म्हणून स्लीप बंदच करून टाकलंय. काम नसताना सगळं शटडाउन, आधी बोर्ड, मग एसएमपीएस.